कीबोर्ड कुणाच्या पुढ्यात

शाखा बदलण्याचा फॉर्म एका पानाचा असतो. नाव, वर्ष, सध्याची शाखा, हवी असलेली शाखा, कारण आणि सगळ्यात खाली शिक्षकाची सही. कारणासाठी दीड ओळीची जागा सोडलेली असते. मी कॉलेजात संगणकशास्त्र शिकवायला लागले त्याच्या तिसऱ्या वर्षी एका मुलीनं त्या दीड ओळीत लिहून आणलं होतं, "हा विषय मला जमत नाही." पहिल्या परीक्षेत तिला चांगले गुण होते, वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांपेक्षा अधिक. मला ते माहीत होतं, कारण पेपर मीच तपासले होते. तरी मी कागद वाचला, "नक्की ना?" एवढंच विचारलं आणि सही केली. तिच्या निर्णयाचा आपण मान राखतोय असं मला तेव्हा वाटलं.

ती गेल्यावर काही वेळानं लक्षात आलं की "जमत नाही म्हणजे नेमकं काय?" हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. सुचला नाही, कारण ते वाक्य मला परकं नव्हतं. माझ्या स्वतःच्या डोक्यात ते कितीतरी वर्षं मुक्कामाला होतं. पदवी घेतली, पुढचं शिक्षण घेतलं, शिकवायला लागले, तरी ते उठून गेलं नव्हतं.

आमच्या घरात संगणक आला तो भावाच्या खोलीत. तसं कुणी ठरवून केलं नव्हतं. त्याच्या खोलीत टेबल मोठं होतं, प्लग जवळ होता आणि त्याला त्यातलं "कळतं" असं सगळे म्हणत. त्याला कळत होतं कारण तो रोज त्यावर बसत होता, आणि तो रोज बसत होता कारण त्याला कळतं असं सगळे म्हणत. मी शेजारी स्टूल ओढून बघत बसायचे. त्यानं मला कधी हाकललं नाही, उलट हौसेनं दाखवायचा. पण कीबोर्ड त्याच्या पुढ्यात असायचा आणि मी जे शिकत होते ते डोळ्यांनी.

त्या वर्षांत तो काय शिकला याचा मी पुढे खूप विचार केला. प्रोग्रॅमिंग तो फारसं शिकला नव्हताच. फाइल कुठे सापडते, काय डिलीट केलं तर चालतं आणि काय केलं तर सगळं बंद पडतं, बंद पडलं की काय करायचं, हे तो शिकला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, यंत्र बिघडलं तरी आपलं काही बिघडत नाही, हे त्याच्या अंगात मुरलं. स्क्रीनवर लाल अक्षरं आली तरी त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. मी शिकले ते वेगळंच: हे यंत्र त्याचं आहे आणि मी बघायला आले आहे.

कॉलेजातल्या पहिल्या प्रॅक्टिकलला मला हे सगळं एकदम भेटलं. सरांनी सुरुवातच केली, "हे तर तुम्हाला माहीतच असेल." मला माहीत नव्हतं. आजूबाजूला माना डोलल्या, म्हणून मीही डोलावली. फळ्यावरचा बारा ओळींचा प्रोग्रॅम मी जसाच्या तसा टाइप केला, कंपाइल केला, म्हणजे यंत्राला कळेल अशा रूपात बदलायला दिला, आणि स्क्रीनभर एरर आले. बारा ओळींच्या प्रोग्रॅममध्ये तीसेक एरर.

आज मला ठाऊक आहे की एक महिरपी कंस राहिला तर कंपाइलरचा पुढचा सगळा हिशेब कोलमडतो आणि तो दिसेल त्या ओळीबद्दल तक्रार करत सुटतो. सेमीकोलन राहतो एका ओळीवर, कंपाइलर अनेकदा बोट ठेवतो पुढच्या ओळीवर. म्हणून यादीतला पहिला एरर तेवढा बघायचा, तो सुधारायचा आणि पुन्हा कंपाइल करायचं. तीसपैकी अठ्ठावीस आपोआप नाहीसे होतात. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. पण मला ते कुणी सांगितलं नाही, कारण ज्यांना सांगायचं होतं त्यांना ते आपण कधी शिकलो हेच आठवत नव्हतं. तीस चुका म्हणजे मी तीसदा चुकले, असा मी अर्थ लावला.

तेवढ्यात शेजारचा मुलगा म्हणाला, "थांब, मी करून देतो." हात लांबवून त्यानं माझा कीबोर्ड स्वतःकडे ओढला, दोन ठिकाणी काहीतरी टाइप केलं आणि प्रोग्रॅम चालला. मी त्याला मनापासून थँक्यू म्हटलं. तो चांगला मुलगा होता, आजही माझा मित्र आहे. पण ते सेमिस्टर तसंच गेलं. घरी रात्री मी कागदावर प्रोग्रॅम लिहायचे आणि प्रत्येक व्हेरिएबलची किंमत ओळीगणिक मांडत जायचे. व्हायवाला मला सगळं सांगता यायचं. लॅबमध्ये मात्र माझा प्रोग्रॅम बहुतेक वेळा त्याच्या हातांनी चालायचा.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि अॅलन फिशर यांनी १९९५ ते १९९९ या काळात संगणकशास्त्राच्या शंभराहून अधिक विद्यार्थ्यांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. त्यांचं काम मी वाचलं तेव्हा शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली होती. त्यात घरातल्या संगणकाचा उल्लेख आहे. तो पुष्कळदा मुलाच्या खोलीत असायचा, वडील मुलाला घेऊन बसायचे आणि बहीण बाजूला बसून बघायची. मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसले. माझं खासगी म्हणून जपलेलं एक स्टूल हजारो मैलांवरच्या अनोळखी मुलींकडेही होतं.

त्या अभ्यासानं मला आणखी एक गोष्ट दाखवली. शाखा सोडणाऱ्या मुलींचे गुण वाईट असायचेच असं नव्हतं. आधी आत्मविश्वास जायचा, मग गोडी जायची आणि शेवटी मुलगी जायची. जाताना ती सांगायची की तिला यात रस उरला नाही, आणि ऐकणारे म्हणायचे, बघा, मुलींना यात रसच नसतो. माझ्यासमोर आलेला फॉर्म मला आठवला. त्यावर "जमत नाही" असं लिहिलं होतं आणि गुणपत्रिका काही वेगळंच सांगत होती. दोन्ही कागद माझ्याच टेबलावर होते.

पुढे मी वर्गात एक गोष्ट टिपायला लागले. तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली की एक विशिष्ट प्रकारचा प्रश्न येतो. मी लूप, म्हणजे अट खरी असेपर्यंत तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं, शिकवत असते आणि मागून आवाज येतो, "मॅडम, पण हे रिकर्शननं केलं तर स्टॅक ओव्हरफ्लो होणार नाही का?" हा खूप पुढचा भाग असतो आणि विचारणाऱ्याला उत्तर माहीत असतं. शिक्षकाला असा विद्यार्थी आवडतो, मलाही आवडायचा. आपण खुलतो, फळ्याचा कोपरा पुसून स्टॅक काढायला लागतो आणि पाच मिनिटं वर्ग आम्हा दोघांचाच होतो. बाकीच्यांचे पेन थांबलेले असतात. लूपची अट खरी असताना काय होतं, एवढंच ज्याला विचारायचं होतं, तो आता ते विचारणार नाही. त्या वर्षी तर नाहीच.

अमेरिकेतल्याच हार्वी मड कॉलेजमधल्या शिक्षकांनी यावर साधा उपाय केला. अशा मुलांना बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं की तुझ्याशी बोलायला आम्हाला आवडतं, पण हे आपण वर्गाबाहेर बोलू. पहिला कोर्स त्यांनी दोन गटांत वाटला. आधी प्रोग्रॅमिंग केलेले एका गटात आणि न केलेले दुसऱ्यात. गटांची नावं हुशार-कच्चे अशी नव्हती, कॉलेजच्या दोन रंगांवरून ठेवली होती. प्रोग्रॅमिंगची भाषा जावाऐवजी पायथन घेतली आणि कोर्स निरनिराळ्या विषयांतले प्रश्न सोडवण्याभोवती बांधला. २००६च्या आसपास हे बदल सुरू झाले तेव्हा तिथल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांत मुली दहा टक्क्यांच्या आसपास होत्या. काही वर्षांत त्या सुमारे चाळीस टक्के झाल्या. कार्नेगी मेलनमध्ये १९९५ साली नव्या प्रवेशांत मुली ७ टक्के होत्या आणि २००० साली ४२ टक्के. तिथेही प्रवेश देताना आधीच्या प्रोग्रॅमिंगला दिलेलं वजन काढलं गेलं आणि पहिल्या वर्षात शिरायच्या वाटा वेगवेगळ्या केल्या गेल्या. मुली त्याच होत्या. गणित तेवढंच अवघड होतं. कॉलेजांनी स्वतःकडे बघितलं होतं, एवढाच फरक.

मला सगळ्यात जास्त त्रास देणारी समजूत मात्र शिक्षकांच्या खोलीतली आहे. "प्रोग्रॅमिंग काहींना येतं आणि काहींना येतच नाही." किती सहकाऱ्यांकडून ऐकलंय मी हे! बोलणारे निष्ठुर नसतात, थकलेले असतात. पुरावा म्हणून ते गुणांचा आलेख पुढे करतात: बघा, दोन उंचवटे आहेत, एक जमणाऱ्यांचा आणि एक न जमणाऱ्यांचा. कित्येक वर्षं मीही ते दोन उंचवटे पाहिले. मग एलिझाबेथ पॅटित्सस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१६चा शोधनिबंध हाती लागला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संगणकशास्त्राच्या कोर्सेसचे अंतिम गुण घेऊन त्यांनी ७७८ आलेख संख्याशास्त्राच्या कसोटीवर तपासले. एकाहून जास्त उंचवटे असल्याची खूण फक्त ५.८ टक्के आलेखांत सापडली. शिवाय शिक्षकांना संदिग्ध आलेख दाखवून पाहिले, तेव्हा हा विषय जन्मजात असतो असं मानणाऱ्यांना दोन उंचवटे जास्त दिसत होते.

मी कपाटातून माझ्या जुन्या बॅचेसच्या गुणांच्या याद्या काढल्या आणि आलेख नव्यानं काढले. एकच उंचवटा होता, जरा बसका, जरा डावीकडे कललेला. इतकी वर्षं मी त्यात मधोमध एक दरी बघत होते, आणि त्या दरीच्या पलीकडे कुणाला उभं करायचं हे माझ्या मनात आधीच ठरलेलं होतं. त्या संध्याकाळी मी कुणाशी फारसं बोलू शकले नाही.

मुलींचा मेंदूच वेगळा, असं म्हणणारे भेटतात तेव्हा मी त्यांच्यासमोर दोनच आकडे ठेवते. अमेरिकेत १९८४ साली संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत स्त्रिया सुमारे ३७ टक्के होत्या. २०१०च्या सुमारास त्या सुमारे १८ टक्क्यांवर आल्या. पंचवीसेक वर्षांत मेंदू बदलत नाही. बदललं ते दुसरंच. घरगुती संगणक बाजारात आला आणि जाहिरातींतून तो मुलाचं खेळणं म्हणून घराघरात शिरला. त्याच काळात विभागांकडे विद्यार्थ्यांची इतकी गर्दी झाली की शिक्षक पुरेनात. मग प्रवेशाच्या अटी कडक झाल्या आणि पहिले कोर्स गाळणीसारखे झाले. गाळणीतून आधी कोण गळणार? ज्यांच्या पुढ्यात कीबोर्ड कधी आलाच नव्हता ते. १९८३ सालीच एमआयटीतल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनींनी आणि संशोधक स्त्रियांनी आपले अनुभव एकत्र करून एक अहवाल लिहिला होता. बोलणं मध्येच तोडणं, कामापेक्षा दिसण्यावर शेरे, आपण इथल्या नाहीच अशी वागणूक, असं बरंच त्यात आहे. चाळीसहून अधिक वर्षं जुना कागद आहे तो. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा काही परिच्छेदांवर तारीख पुन्हा तपासली होती.

आणि जगात सगळीकडे असंच आहे असंही नाही. मलेशियात संगणकशास्त्राच्या वर्गात मुली निम्म्या किंवा त्याहून जास्त असतात यावर उल्फ मेलस्ट्रम यांनी २००९ साली लिहिलं. तिथे हे काम घरात, ऑफिसात बसून करायचं, डोक्याचं आणि सुरक्षित, म्हणून बायकांना साजेसं मानलं जातं. रोली वर्मा यांनी भारतातल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनींच्या मुलाखती घेतल्या. कॉलेजात येईपर्यंत त्यांच्यातल्या अनेकींचा संगणकाशी फारसा संबंध आलेला नव्हता, तरी आपल्याला हे येईल असा त्यांना भरवसा होता. गणित येतं, मेहनतीची तयारी आहे, मग का नाही येणार? बायकांना साजेसं हेही शेवटी एक लेबलच आहे आणि ते चिकटवणाऱ्यांवर माझा फार विश्वास नाही. पण लेबल बदलल्यावर वर्ग भरतो, एवढं तरी त्यातून दिसतं.

एनिअॅक या अगदी सुरुवातीच्या संगणकाची गोष्ट मी दरवर्षी सांगते. तीही पहिल्या दिवशी नाही, चौथ्या आठवड्यात, जेव्हा डिबगिंगला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याला, सगळे वैतागलेले असतात. १९४५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तोफगोळ्यांच्या मार्गाचं गणित हातानं करणाऱ्या स्त्रियांमधून सहा जणी निवडल्या गेल्या: के मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बायलस आणि रूथ लिक्टरमन. त्यांनी एनिअॅक हे प्रचंड यंत्र चालवायचं होतं. प्रोग्रॅमिंगची भाषा नव्हती, शिकवायला पुस्तक नव्हतं, आणि सुरक्षेची परवानगी मिळेपर्यंत यंत्राच्या खोलीत प्रवेशही नव्हता. यंत्राचे आराखडे त्यांच्या हातात देण्यात आले. त्यावरून त्यांनी ते समजून घेतलं, आणि मग केबल आणि स्विच लावून प्रोग्रॅम बसवला.

फेब्रुवारी १९४६मध्ये जाहीर प्रात्यक्षिक होतं. तोफगोळ्याच्या मार्गाचा प्रोग्रॅम जीन जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर यांनी तयार केला होता. आदल्या रात्रीपर्यंत त्यात एक चूक राहिली होती: गोळा जमिनीवर पोचल्यावरही गणित थांबत नव्हतं. बेटी झोपायला गेली आणि सकाळी उत्तर घेऊनच उठली. तिनं येऊन एक स्विच फिरवला. प्रात्यक्षिक उत्तम झालं. गोळ्याला हवेतून जायला जेवढा वेळ लागला असता, त्याहून कमी वेळात यंत्रानं त्याचा मार्ग काढून दाखवला. रात्री मेजवानी झाली. या सहा जणींना तिचं निमंत्रण नव्हतं. पुढे अनेक वर्षांनी कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीनं जुन्या फोटोंतल्या या बायका कोण म्हणून चौकशी केली, तेव्हा तिला उत्तर मिळालं की यंत्र छान दिसावं म्हणून उभ्या केलेल्या मॉडेल्स असतील.

ही गोष्ट सांगताना माझा आवाज अजून बदलतो. पण वर्गाला मी मेजवानीपेक्षा त्या स्विचबद्दल जास्त सांगते. थांबायची अट चुकली होती. लूप एक पाऊल जास्त चालत होता. आज सकाळी तुमच्यातल्या निम्म्यांचं जे झालं तेच.

माझ्या लॅबमध्ये आता बरंच बदललंय. सगळंच जमलंय असं नाही. पहिला प्रोग्रॅम मी पडद्यावर सगळ्यांसमोर शून्यापासून टाइप करते, आधी तयार करून आणत नाही. त्यामुळे मी चुकते आणि एरर मोठ्यानं वाचते. ओळ क्रमांक काय म्हणतोय, तो खरा आहे का, वरची ओळ बघूया. "मॅडमलापण एरर येतात?" असं एका मुलीनं शेजारणीला कुजबुजत विचारलं होतं, ते मला ऐकू आलं. मला तेव्हा कुठलंही बक्षीस मिळालं असतं तरी इतका आनंद झाला नसता. "हे तर तुम्हाला माहीतच असेल" हे वाक्य मी कटाक्षानं टाळते. "सोपं आहे" हेसुद्धा. ज्याला येत नसतं त्याला सोपं हा शब्द फार लागतो.

भिंतींवरचे पोस्टरही काढले. सपना चेरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. संगणकशास्त्र विभागातली एक खोली काहींसाठी स्टार ट्रेकची पोस्टर, व्हिडिओ गेमचे खोके, शीतपेयाचे डबे अशी सजवली आणि काहींसाठी निसर्गचित्र, पाण्याच्या बाटल्या अशी साधी. पहिल्या खोलीत बसलेल्या मुलींनी या विषयात कमी रस दाखवला, दुसऱ्या खोलीतल्या मुलींनी जास्त. मुलांना तसा फरक पडला नाही. पोस्टर काढायला मला वीस मिनिटं लागली. ती लावणाऱ्या सहकाऱ्याला समजावायला दोन महिने.

जोडीनं प्रोग्रॅमिंग करायला लावायचं, हा उपाय मात्र पहिल्या वर्षी माझ्यावरच उलटला. दोघांत एक संगणक, एकानं टाइप करायचं आणि दुसऱ्यानं विचार करत बघायचं. मला वाटलं, आता कुणी एकटं पडणार नाही. तिसऱ्या आठवड्यात मी लॅबच्या मागच्या दारातून आत आले आणि मला पाठीच पाठी दिसल्या. जवळजवळ प्रत्येक जोडीत कीबोर्ड त्याच्याच पुढ्यात होता ज्याला आधीपासून येत होतं. शेजारी कुणीतरी बघत बसलं होतं. माझंच स्टूल मी पंचवीस वेळा मांडून ठेवलं होतं.

तेव्हापासून घड्याळ लावते. बारा मिनिटांनी घंटा होते आणि कीबोर्ड सरकवायचा. वाक्य अर्धं असलं तरी, कंस उघडा असला तरी. जोड्याही शक्यतो सारख्या अनुभवाच्या लावते. सुरुवातीला कुरकुर होते. ज्याला येतं तो म्हणतो वेळ जातो, आणि ती म्हणते, "राहू दे मॅडम, त्यालाच करू दे, लवकर होईल." हे वाक्य आलं की मी त्या टेबलाजवळ थोडी जास्त वेळ उभी राहते.

यंदा सहाव्या आठवड्यात पुन्हा एक फॉर्म आला. दीड ओळीत तेच, थोडं वेगळ्या शब्दांत: "माझा कल या विषयाकडे नाही." मी पेन उचललं नाही. खुर्ची पुढे केली आणि म्हटलं, "बस. काल काय अडलं होतं ते दाखव."

ती बिचकली. मग लॅपटॉप उघडला. यादीतली सगळ्यात मोठी संख्या शोधायचा प्रोग्रॅम होता. सगळ्या संख्या ऋण असल्या की उत्तर शून्य येत होतं. रात्री दीडपर्यंत बसले होते, म्हणाली. मी वर्गातल्या गुणांचा आलेख काढून ती साधारण कुठे आहे ते दाखवलं. ती त्या कागदाकडे बघत राहिली. "पण बाकीचे तर म्हणतात त्यांना दहा मिनिटं लागली."

"कुणाकुणाला विचारलंस?"

तिनं तीन नावं सांगितली. तिघंही शाळेपासून प्रोग्रॅमिंग करत आलेले. मी तेवढंच सांगितलं, पुढे काही बोलले नाही. प्रोग्रॅममधली चूकही सांगितली नाही, जीभ शिवशिवत होती तरी. "मोठी संख्या म्हणून सुरुवातीला काय धरलंयस?" एवढंच विचारलं.

तिनं स्क्रीनकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. इतका की माझा हात आपोआप पुढे जायला लागला. मी तो टेबलाखाली घेतला.

"शून्य," ती म्हणाली. आणि मग, माझ्याकडे न बघता, कीबोर्ड जवळ ओढत, "एक मिनिट हं मॅडम."